अथालच्या काठावरचं भरीत

माझ्या सासऱ्यांना सिल्वासा आवडलं नव्हतं, आणि ते त्यांनी कधी लपवूनही ठेवलं नाही. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना यावलकडच्या गावाहून इथे आणलं. पहिल्याच सकाळी गॅलरीत उभं राहून त्यांनी समोरची इमारत पाहिली, तिच्या मागची इमारत पाहिली, त्याच्याही मागे कारखान्यांची धुराडी पाहिली आणि मला विचारलं, "इथं माणूस सकाळी उठून पाहतो तरी काय?" मी म्हटलं, "आबा, इथं माणूस सकाळी उठून डबा करतो. बघायला वेळ कुणाला आहे?" माझी जीभ अशीच आहे. माहेरी तिच्यापायी बोलणी खाल्ली, सासरीही खाल्ली, पण ती काही सुधारली नाही.

आमचे हे खडोलीच्या एका सुताच्या कारखान्यात देखभाल खात्यात आहेत. संध्याकाळी दमून आले, बूट काढले की आबांचं सुरू व्हायचं, "मले गावाले पोचव." रोज. भांडून नाही, ओरडून नाही, पाणी मागावं तसं. गावाला घर बंद, शेत बटाईने दिलेलं, शेजारपाजारचे निम्मे लोक पुण्याला नाहीतर सुरतेला. आबांना साखरेचा त्रास, रक्तदाबाची गोळी, आणि स्वतःच्या हाताने चहासुद्धा कधी केलेला नाही. तिकडे एकटे राहिले तर काय होईल हे आम्हाला स्वच्छ दिसत होतं. पण इथेही काही बरं चाललं नव्हतं. जेवण अर्ध्या पोळीवर आलं. दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. डॉक्टर म्हणाले, तपासण्या ठीक आहेत, यांचं मन कशात तरी रमवा. मन रमवायचं औषध कुठल्या दुकानात मिळतं ते मात्र त्यांनी लिहून दिलं नाही.

शेवटी यांनी शब्द दिला, "संक्रांत होऊ द्या आबा, मी स्वतः सोडून येतो." त्या दिवसापासून आबा शांत झाले आणि मी घाबरले. खरं सांगायचं तर सुरुवातीला मला वाटायचं, जाऊ दे बाई, दोघांचाही जीव सुटेल. पण घरात माणूस असं झिजताना पाहिलं की कुठला राग राहतो? मला कळून चुकलं होतं की हे गेले तर परत येणार नाहीत. पुढचा हिवाळासुद्धा ते बघणार नाहीत.

आमचा एक रविवारचा नेम आहे. कारखान्यातली दोन-तीन कुटुंबं मिळून आम्ही अथालला नदीकाठी जातो. शहरातून रिक्षाने फार वेळ लागत नाही. दमणगंगा तिथे जरा रुंद होते, काठावर रेती आहे, वर मोहाची आणि सागाची झाडं आहेत. पोरं पायापायाच्या पाण्यात खेळतात, पुरुष मंडळी एकमेकांना मशीनच्या गोष्टी सांगतात, जसं काही आठवडाभर तेच करून पोट भरलेलं नसतं. मी आपली पाण्यात पाय सोडून बसते. खंड्या तारेवरून सूर मारतो, मासा घेऊन परत तारेवर येतो. तेवढं बघितलं तरी माझा आठवडा धुऊन निघतो.

पण तिथे जायचं तर माझे नियम पाळायचे. ताटं-वाट्या घरून स्टीलच्या न्यायच्या. नदीत साबण लावायचा नाही. झाडाची फांदी मोडायची नाही. आणि जे नेलं ते सगळं परत आणायचं, शेंगांच्या टरफलांसकट. त्यासाठी माझ्याकडे एक गोणपाटाची पिशवी असते. मंडळी मला मुकादम म्हणतात. म्हणा म्हटलं, माझं काय जातंय? पलीकडे गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे शनिवार-रविवार तिकडच्या गाड्या इथे येतात आणि काठावर बाटल्या फोडून जातात. एकदा माझ्या मुलीच्या पायात काच गेली. तेव्हापासून मला या बाबतीत कुणी काही शिकवायला आलेलं चालत नाही.

काठावरची जमीन एका वारली बाईंची. आमच्यापेक्षा वयाने मोठ्या, अंगाने काटक, आम्ही त्यांना मावशी म्हणतो. एक गाय, थोडा भात, हिवाळ्यात वाल. इतर लोकांना त्या हाकलून लावायच्या, आम्हाला बसू द्यायच्या, ते माझ्या गोणपाटाकडे बघून. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, त्यांनीच एकदा म्हटलं होतं, "बेन, तू कचरो घेऊन जाते, म्हणून बस."

आबांना तिथे न्यायला फार विनवण्या कराव्या लागल्या. आले ते तोंड पाडूनच. मी त्यांना सतरंजीवर बसवलं, पाठीला उशी दिली, आणि पाण्याकडे गेले. परत वळून बघते तर सतरंजी रिकामी! शोधलं तर आबा वर मावशींच्या गोठ्यापाशी. गाईच्या मानेखाली खाजवत होते आणि मावशींना सांगत होते की दावं फार आखूड बांधलंय. मावशी वारलीत काहीतरी उलट बोलत होत्या. दोघांना एकमेकांचं निम्मं कळत नव्हतं, आणि त्यावाचून दोघांचंही काही अडत नव्हतं. त्या दिवशी आबांनी दोन भाकरी खाल्ल्या. मी मोजल्या नाहीत, असं खोटं सांगणार नाही.

मग दर रविवारी आबा आमच्या आधी तयार. शनिवारपासूनच विचारणा, "उद्या जायचं ना?" मी म्हणायची, "नाही, उद्या दिवसभर भिंतीकडे बघत बसायचंय." हसायचे.

एका रविवारी मी घरून भरीत करून नेलं होतं. आबांनी एक घास घेतला आणि ताट खाली ठेवलं. "हे कशावर भाजलं?"

"गॅसवर."

"मंग हे भरीत नही. ही वांग्याची भाजी हाये."

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात थंडीत शेतावर भरिताची पार्टी होते, आणि ती लग्नापेक्षा गंभीरपणे घेतात. हिरवी-पांढरी मोठी वांगी, आणि ती भाजायची कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर. पऱ्हाट्या म्हणतो आम्ही त्यांना. दुसरं कुठलंही लाकूड चालत नाही. मग वांगी सोलून लाकडी बडगीत ठेचायची, त्यात मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. जेवायचं केळीच्या पानावर. जेवण झालं की पानं बांधावर टाकायची, गुरं येऊन फस्त करतात.

पण सिल्वाशात पऱ्हाट्या कुठून आणायच्या? इथे कापूस आहे तो कारखान्याच्या गोदामात. आबा म्हणाले, गावाहून आण. आणि आमचे हे, एका लग्नाला गेले होते, ते येताना खरंच पऱ्हाट्यांचा भारा घेऊन आले! एसटीच्या कंडक्टरशी भांडण, पुढे रेल्वेत एका बाईच्या साडीला काडी अडकली म्हणून भांडण. घरी आले ते शर्टाचा खिसा फाटलेला. मी म्हटलं, "अहो, लोक लग्नाहून आहेर आणतात, तुम्ही सरपण आणलंत?" पण मनातून बरं वाटलं. बापासाठी एवढं कोण करतं?

संक्रांतीच्या आधीच्या एका रविवारी पार्टी ठरली. या वेळी माणसं जास्त जमली, घरची ताटं पुरणार नव्हती. यांच्या खात्यातले शिफ्ट इंचार्ज नाशिकचे आहेत, त्यांना मी बजावून सांगितलं की थर्माकोल आणलंत तर नदीत बुडवीन, तुम्हाला. बिचाऱ्यांनी बाजारातून पानांच्या पत्रावळी आणल्या. वरून खरी पानं, मशीनवर शिवलेली. मी वरवर पाहिल्या आणि पिशवीत परत न्यायच्याच आहेत म्हणून जास्त काही बोलले नाही.

त्या दिवशीचे आबा मी कधी विसरणार नाही. रेतीत खड्डा केला, वांग्यांना काडीने टोचे मारले, तेल लावलं, पऱ्हाट्या रचल्या. आग कुठवर जाईल, वारा कुठून आहे, सगळं बघून. कुणी मध्ये हात घातला की खेकसायचे. इंचार्ज साहेबांना म्हणाले, "तुम्ही कारखान्यात साहेब, इथं वांगी पुसा." साहेबांनी पुसली. मुलं, बाया, मावशीसुद्धा येऊन जेवल्या. मावशींना तिखट लागलं तर त्या आबांना काय बोलल्या ते मला कळलं नाही, आबा मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आणि जेवता जेवता बोलून गेले, "पुढच्या वर्षी वांगी जरा कवळी पायजेत."

पुढच्या वर्षी! मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने त्यांच्या पत्रावळीवर आणखी भरीत वाढलं. असं वाटलं, आपण काही बोललो तर ते शब्द परत घेतील.

निखाऱ्यांवर पाणी ओतलं, राख डब्यात भरली. मी पोरांना पाण्यातून बाहेर काढायला खाली गेले होते. तेवढ्यात आबांनी पत्रावळींची चळत उचलली आणि गोठ्यामागच्या बांधावर नेऊन ठेवली. आमच्याकडे जन्मभर जे केलं तेच. पानं आहेत, त्यांना भरीत-भाकरीचं उष्टं लागलंय, गाईच्या तोंडी लागेल, फेकायचं कशाला? यात त्यांनी काही वेगळं केलं नव्हतं. पत्रावळी तिथे ठेवल्याचं मला मात्र पुढच्या रविवारी कळलं.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर गाय गोठ्यात बसून होती. डावी कूस फुगलेली, डोळे मलूल, पुढ्यातला चारा तसाच. मावशी तिच्या शेजारी उकिडव्या. आम्हाला बघून उठल्या आणि हातातलं काहीतरी समोर फेकलं. अर्धवट चघळलेली पत्रावळ होती. वरची पानं गेलेली, खालचा पुठ्ठा भिजून लोंबत होता, आणि पानं आणि पुठ्ठा यांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ कागद. जनावरांचा डॉक्टर आदल्या दिवशी येऊन गेला होता. त्याने नळी घालून, तेल पाजून बघितलं होतं. वाचली तर वाचली, म्हणाला.

"कोणी टाकलं हे?" मावशींनी विचारलं.

मला आधी समजेचना, कारण माझी पिशवी तर भरून घरी आली होती, पत्रावळी तिच्यातच असतील असं मी धरलं होतं. मग इंचार्ज साहेब हळूच म्हणाले, "मावशी, ते गाड्या घेऊन प्यायला येतात ना, त्यांचंच काम हे. त्यांना काय अक्कल असते?" साहेब वाईट नाहीत. घाबरले होते. आणि खरं तर मावशींनाही ते पटलं असतं, कारण बांधावर बाटल्या होत्याच. यांनीही मान हलवली. मी बघितलं, यांची नजर आबांवर होती. काय चाललं होतं त्यांच्या मनात ते मला कळत होतं. ही एक जागा आबांना सापडली आहे, तीही आता जाणार.

आबा खाली वाकले. पत्रावळ उचलली, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरली. नखाने पान खरवडलं. प्लास्टिक सुटून बोटाला चिकटलं. ते त्यांनी झटकलं, निघेना. परत झटकलं.

"हे मी ठेवलं," आबा म्हणाले. "मी ठेवलं, बाई. गाईसाठीच ठेवलं. मले वाटलं, पान हाये."

सत्तरी ओलांडलेला माणूस, सगळा जन्म गुराढोरांत गेलेला. बाजारातल्या त्या पत्रावळी करणाऱ्याचा मला इतका संताप आला की समोर असता तर मी त्याला तीच खायला लावली असती. अरे, प्लास्टिक विकायचं तर प्लास्टिक म्हणून विका! पानाच्या आड कशाला लपवता?

मावशी मात्र माझ्यासारख्या विरघळल्या नाहीत. त्यांनी आबांना सोडलं नाही. केस पांढरे झाले, गुरं राखली म्हणतोस, आणि गाईच्या तोंडात काय जातंय ते हात लावून बघत नाहीस? गाय मेली तर मी दूध कुठून आणू, शेणखत कुठून आणू? निम्मं वारलीत, निम्मं गुजरातीत, पण या वेळी आबांना शब्दन्‌शब्द समजला. हात जोडून उभे राहिले. मग मावशी आमच्याकडे वळल्या, "जा सगळे."

आम्ही सामान उचललं. आबा हलले नाहीत. गाईजवळ बसले आणि तिच्या डाव्या कुशीवर तळहाताने चोळायला लागले.

"आबा, चला," हे म्हणाले.

"तुम्ही जा."

मावशींनी त्यांना हाकललं नाही. संध्याकाळी हे जाऊन आबांना घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा टोपी घालून दारात उभे. ज्या माणसाने आमच्या इमारतीखालचं किराणा दुकान कधी पाहिलं नव्हतं, तो मला विचारत होता, अथालची रिक्षा कुठून मिळते? मी नाक्यावर जाऊन बसवून दिलं. बरोबर डब्यात ओवा, गूळ, आणि आमच्या दोघांची नको इतकी धाकधूक. मग रोज तेच. जायचे, गाईला थोडं थोडं चालवायचे, पाणी पाजायचे, आणि येताना बांधावरच्या काचा आणि प्लास्टिक वेचून माझ्याच गोणपाटाच्या पिशवीत भरून आणायचे. मी म्हटलं, "आबा, माझं मुकादमपद गेलं वाटतं." तर म्हणाले, "तू वरवर वेचते." घ्या!

डॉक्टर परत येऊन गेला. त्याचं म्हणणं, गाईच्या पोटात आधीचंही प्लास्टिक असणार, एकट्या पत्रावळींनी एवढं होत नाही. मी ते आबांना दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यावर मान डोलावली नाही.

मावशी पहिले काही दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मग एका दिवशी आबांनी सांगितलं, आज बाईने चहा दिला. कोरा होता, पण दिला. आणि संक्रांतीच्या तोंडावर एका दुपारी आबा दारातूनच ओरडत आले, "पोरी! रवंथ केला! गाईनं रवंथ केला!" मी तव्यावरची पोळी टाकून बाहेर आले. त्यांचा चेहरा पाहिला आणि मला रडूच आलं. गाईसाठी की आबांसाठी, विचारू नका.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन एकटीच मावशींकडे गेले. गाय उभी होती, वाळलेली, पण चारा खात होती. मावशींनी तिळगूळ घेतला, तोंडात टाकला. मी माफी मागितली. पुढच्या हिवाळ्यात सगळे आलो तर चालेल का, हेही भीत भीत विचारून घेतलं.

"ना," मावशी म्हणाल्या. "तुमी नका येऊ आता. खूप माणसं, खूप सामान." मग गाईकडे बघून म्हणाल्या, "बाबाला येऊ दे."

मी काही वाद घातला नाही. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही. येताना रिक्षात मला नदीचं वाईट वाटत होतं, रविवारचं, खंड्याचं. पण त्यांचं काही चुकलं होतं असं मला आजही वाटत नाही.

घरी आले तर हे आणि आबा समोरासमोर बसलेले. यांच्या हातात मोबाईल. "आबा, शब्द दिला होता तसं तिकीट काढलंय. शुक्रवारी रात्री वापीहून गाडी आहे, मी सोडायला येतो." यांचा आवाज फाटलेला. सबंध महिनाभर आम्ही दोघांनी हा विषय काढला नव्हता, आणि या भल्या माणसाने दिलेला शब्द पाळायचा म्हणून एकट्यानेच तिकीट काढून टाकलं होतं. मला न विचारता!

आबा त्या मोबाईलकडे बराच वेळ बघत राहिले. अक्षरं त्यांना दिसत नव्हती हे मला ठाऊक आहे. मग त्यांनी मान वर केली. यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, तुले मी जड झालो काय?"

मी यांच्या हातातून मोबाईल ओढून घेतला. कुठे काय दाबायचं ते दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. शेवटी परत यांच्याच अंगावर टाकला आणि म्हटलं, "रद्द करा ते. आत्ताच्या आत्ता करा. आणि आबा, परत असं विचाराल तर मी तुमच्याशी बोलणार नाही. जड म्हणे! कुणाला जड?"

हे खाली मान घालून मोबाईलवर बोटं फिरवत होते आणि नाक ओढत होते. आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला.

"मंग उद्या डबा जरा लवकर दे," ते मला म्हणाले. "बाई वाल काढणार हाये. एकटीच हाये ती."